उंदरांचा उपास

॥ श्री ॥
हैदराबाद, श्रावण, १९९६

तीर्थरूप नानासो मामांच्या पायांवर भाचा जोतीरामचं डोकं. तुमची नजर मंद झाल्यानं पत्र साक्षीच वाचून दाखवील, पोरगी तुमचीच हाय, ऐका तिचं. अंगठ्याची जखम अजून वाहतीय असं कळलं. तुमी म्हणता चप्पल चावली. (उन्हाळ्यात चावलेली चप्पल श्रावणापर्यंत सोडत न्हाई व्हय?)

तुमी मला विटेकरांच्या गलाईच्या दुकानात लावलंत, पण सोनं गाळायच्या धुरात मन रमंना. आता प्रयोगशाळेत उंदरं सांभाळतो. आपल्या कणगीतली न्हवं, मानेला वळ्या पडलेली, साखरेचा आजार झालेली. सारखी पाणी पितात, खालचा भुसा सदा ओला. आमच्या ज्ञानदा मॅडम सांगलीच्या. त्या सांगतात, पोटात इन्सुलिन नावाचा रस सुटतो, तो रक्तातली साखर अंगी लावतो. जाड उंदरात तो उलट जास्तच सुटतो, पण अंग ऐकतच न्हाई. (मामी ओरडत्यात आणि तुमी पान लावत बसता, तसं.) ओरडून ओरडून शेवटी घसा बसतो, रस आटतो, उंदीर वाळत जातो. मेलेलं उचलायचं काम माझ्याकडं.

परवा मॅडम म्हणाल्या, "जोतीराम, उद्या रक्त काढायचंय, यांचा उपास बरं का." मी म्हटलं, श्रावण हाय, बाई देवाधर्माच्या दिसतात. साबुदाणा भिजवला, कूट घातलं, पिंजऱ्यापिंजऱ्यात खिचडी वाढली. उंदरं लय खूश. सकाळी साखर एवढी चढली की मॅडमनी यंत्र पुसून परत लावलं.

"काय घातलंस रे यांना?"

"उपासाचं."

"अरे, उपास म्हणजे पोटात काही नाही!"

आवं मामा, असला उपास आपल्याकडं कुणी बघितलाय? मग मी तुमची जखम आणि तुमचे सोमवार, शनिवार, एकादशी सगळं सांगितलं. खिचडी, रताळी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. बाईंनी हसता हसता हातातली वही मिटली. अंगठा काळा पडलाय का, विचारलं. साक्षीनं तसंच लिहिलंय म्हटलं. मग त्यांनी मामांची साखर कधी तपासली का विचारलं आणि सांगलीचा एक पत्ता लिहून दिला.

काम राहतंय का जातंय, माहीत न्हाई. तुमी खिचडी सोडा.

तुमचा,
जोतीराम

ता.क. मॅडमचे भाऊ सांगलीत डॉक्टर हायत. पाय दाखवून या. (तुमी जाणार न्हाई, ते ठाऊक हाय.)

ता.क. साक्षी, हे मोठ्यानं वाचू नको. काळं वर चढलं तर पाय काढावा लागतो म्हणे. मामांना सांग, जोतीरामनं आपलं ठरलेलं लगीन मोडून सांगलीच्या त्या डॉक्टरांच्या घरातली पोरगी परस्पर ठरवली. भांडायला तरी एस.टी.त बसतील. (तसली पोरगी कुठं न्हाई, हे तुला लिहायला नको.) शिव्या घालत जाऊ देत, पण चालत जातायत तोवर ने.