बोलल्याचालल्याची माफी

२४ मे
पोचलो. तुळिंजच्या खोलीत पंखा आहे, वारा नाही. हजच्या सोडतीत नाव लागल्यापासून अब्बा दहा वर्षांनी लहान झालेत. ३ जूनला त्यांचं विमान. इस्तंबूलहून मी राज्यशास्त्राची परीक्षा मागे टाकून आलोय, त्यांना निरोप द्यायला.

पण मला वेगळंच काम लावलंय. हजला निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाच्या दारी जाऊन ‘बोललंचाललं माफ करा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. माणसाला दुखावलं असेल तर माणसानेच माफ करायचं, अल्लाह त्यात मध्ये पडत नाही म्हणतात. अब्बांचे गुडघे गेलेत. तेव्हा जिने चढताना हात धरायला मी.

२६ मे
दिवसभर घरं. सरबत, रडारड, पुन्हा सरबत. अब्बा शिकवायचे त्या शाळेतल्या आल्बिना टीचरनी उलट त्यांचीच माफी मागितली — “मास्तर, तुमच्या डब्यातला मासा मी किती वर्षं खाल्ला!” दोघं पोट धरून हसले.

मी नुसता बसून. मार्चमध्ये विद्यापीठात बोललो होतो — हिंदुस्थानातल्या मुसलमानाने आता मान खाली घालणं सोडायला हवं. टाळ्या पडल्या. माझ्या खोलीतला राशिद, आखातातल्या कुठल्याशा बड्या बापाचा मुलगा, गळ्यात पडला. “उम्मत एक आहे!” म्हणजे जगभरचे मुसलमान एकच. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, इस्त्री येते का. त्यांच्या घरचे सगळे हिंदी लोक छान इस्त्री करतात म्हणे.

आणि इथे आमचे तीर्थरूप दारोदार मान खाली घालत फिरतायत.

२७ मे
सकाळी चहा पिताना म्हणाले, “उद्या उमेळ्याला. शत्रुघ्नकडे.”

मी कप खाली ठेवला. शत्रुघ्नकाका! यांच्या वाडीतल्या घरात आम्ही भाड्याने राहिलो. मी जन्मलो तिथे, आई वारली तिथे. वाडी बिल्डरला दिली तेव्हा काकांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, पहिला फ्लॅट याकूबचा. मग इमारत उभी राहिली, सोसायटी झाली, काका अध्यक्ष झाले. आणि म्हणाले, बाकीच्यांना नको आहे, माझा इलाज नाही. ‘काय’ नको आहे ते त्यांनी सांगितलं नाही, तेवढी लाज होती.

“माफी त्यांनी मागायची,” मी म्हणालो.

“तो काय बोलला ते त्याच्याकडे. मी त्याला चार लोकांत बेइमान म्हणालो, ते माझ्याकडे.”

या माणसापुढे माझं सगळं राज्यशास्त्र थकतं.

२८ मे
बायजाकाकूंनी दार उघडलं. त्यांचा चेहरा पडला. “मुनीर, किती वाळला रे! बसा. पानी आनते.” काका आतल्या खोलीत होते, खोकला ऐकू येत होता. काकू आत जाऊन आल्या. “झोपलेत,” म्हणाल्या. डोळे जमिनीवर.

अब्बा अर्धा तास बसले. निघताना त्या बंद दाराकडे तोंड करून म्हणाले, “शत्रू, मी निघालो रे. बोललंचाललं माफ कर.” शत्रू — दोघं एका वर्गात होते तेव्हाचं नाव! खोकलासुद्धा थांबला आत.

परत येताना रिक्षात मी खूप बोललो. ते बाहेर बघत राहिले.

३० मे
अब्बा पुन्हा उमेळ्याला जाऊन आले, एकटेच, मला न सांगता. पुन्हा झोपलेत! काल सामान भरून झालं होतं, ते आज काढून बसलेत. “तो हो म्हणेपर्यंत माझं मन लागणार नाही तिथे.” एका ढोंग्याच्या ‘हो’साठी माझा बाप काबा सोडायला निघालाय. चीड येते. रडूही येतं, पण चीड जास्त.

१ जून
गेलो होतो उमेळ्याला. काका खालीच भेटले, पाण्याच्या टाकीजवळ. जे तोंडाला आलं ते बोललो. इस्तंबूलच्या सभागृहात बोललो नसेन इतकं सुरेख. म्हणालो, लपू नका, अब्बा आता येणार नाहीत. तुमच्या माफीची त्यांना काही गरज नाही. तुम्हीही येऊ नका.

काका चप्पल शोधल्यासारखं खाली बघत राहिले.

घरी येऊन अब्बांना सांगितलं, शत्रुघ्नकाका भेटले, म्हणाले माफ केलं. खोटं. पण त्यांनी सामान भरलं. जेवलेही पोटभर. बास.

३ जून
शेजारच्या प्लासिडच्या गाडीने विमानतळावर गेलो. निघताना अब्बा सारखे रस्त्याकडे बघत होते. “माफ केलं म्हणाला ना? मग यायला हवा होता.” मी म्हटलं, लाजले असतील. शेवटी माझ्याकडे वळले. “तुला कधी मारलं असेन, ओरडलो असेन…” मी मिठी मारून तोंडच बंद केलं त्यांचं.

८ जून
इस्तंबूल. राशिदने विचारलं, कशी झाली सुट्टी. छान, म्हणालो.

१५ जून
आज हजचा मुख्य दिवस. अराफातच्या मैदानातून फोन. आवाज फाटलेला, मागे लाखो माणसांचा गजबजाट. “शत्रूसाठी पण दुआ केली रे.” ऊन फार आहे म्हणाले.

१८ जून
अब्बा गेले. मिनाजवळ, हाजींच्या तंबूंकडे जाताना. ऊन. गटातल्या माणसाने सांगितलं, चालता चालता बसले, मग उठले नाहीत. तिथेच दफन करतील. लोक म्हणतायत नशीबवान, पाक माती मिळाली.

मला मिळेल का तिथे जायला? दिवसभर फोन केले. हजच्या दिवसांत व्हिसा नाही. बापाच्या जनाज्यासाठीही नाही. राशिदच्या घरच्यांची तिथे मोठी ओळख आहे. त्याला विचारलं. म्हणाला, सबुरी ठेव, भावा. आणि जेवायला गेला.

उम्मत एक आहे. तिच्यात शिरायला पासपोर्ट मात्र वेगवेगळे.

२३ जून
माती झाली म्हणे. कुठे, ते कुणाला नीट सांगता येत नाही. तिथे कबरींवर नाव घालत नाहीत.

५ जुलै
शत्रुघ्नकाकांचा फोन. “तीन तारखेला सकाळी कपडे घालून बसलेलो रे. माफी मागायला येनार होतो त्याची. एवढे दिवस तोंड दाखवायला लाज वाटत होती. मग तुझं बोलनं आठवलं. याकूबला गरज नाय म्हनालास. म्हनून नाय आलो.”

मग म्हणाले, “खरं सांग. गरज होती का रे त्याला?”

होती, म्हणालो.