पन्नासाव्या सामन्याचा बॅनर

गुरुवार, ८ ऑक्टोबर २०२०, झूटरमेर, नेदरलँड्स

संध्याकाळी शनिवारची टीम ग्रुपवर टाकली.

आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (यात चेंडू हाताने झेलतातही) स्त्री-पुरुष मिश्र टीमची निवड मीच करतो. एकच जागा उरली होती. एकीकडे मी, सत्तेचाळीस वर्षांचा, माझा पन्नासावा सामना. दुसरीकडे ऋता, लायडनला शिकणारी. मे महिन्यापासून, कोरोनामुळे दीड मीटर अंतर राखून, पोरीने एकही सराव चुकवला नाही, पण सामना अजून एकही मिळालेला नाही. पुढच्या आठवड्यात खेळ पुन्हा बंद होणार म्हणतात. मग तिला कधी मिळणार?

पण तो बॅनर! पन्नासाव्याला खेळाडूने कागदी बॅनर फाडत मैदानात धावायचं, ही क्लबची रीत. माझ्या बायकोने, सुजाताने, दोन दिवस खपून रंगवलाय. जेवणाच्या टेबलावर वाळतोय, आम्ही सोफ्यावर जेवतोय.

मी तिला विचारलं, "ऋताला खेळवू का?"

"खेळव की," ती म्हणाली. "मग हा गुंडाळून ठेवू?"

मी बॅनरकडे पाहिलं आणि माझं नाव टाकलं. वर कारण लिहिलं, 'अनुभव हवा.' अनुभव कसला? मागच्या सामन्यात हातातले दोन झेल सोडले मी.

ऋता भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिचा मेसेज आलाय, "अभिनंदन काका! बॅनरचं एक टोक मी धरू?"

तासभर झाला, उत्तर लिहवत नाहीये. बॅनर मात्र वाळलाय.