लग्नाच्या दिवशीची नाडी

बोरी, ता. ७ बहमन १३५१ फसली (इंग्रजी डिसेंबर १९४१)

प्रिय बन्सीधर,

पत्राची सुरुवात खुशालीनं करायची असती, म्हणून सांगतो. ज्वारी खळ्यावर आली. गाय व्याली, कालवड झाली. तुझी बहीण कडूबी बरी हाय. आता बरी हाय.

तुझी डाक्टरीची परीक्षा जवळ आली असंल. हैदराबादेत आपण दोघं एका खोलीत राहायचो तवा तू मला बेडकाचं काळीज दाखवलं होतंस. सगळ्या नसा तोडून बशीत ठेवलेलं, तरी आपलं आपलं उडायलेलं. वरून अ‍ॅड्रेनलिनचा थेंब टाकलास तसं पळत सुटलं. तू म्हणलास, "माणूस भ्याला की असाच निरोप सुटतो. नसंतून येऊ दे न्हाईतर रक्तातून, काळजाच्या स्नायूत तो घेणारी जागा ठरलेली. कुणी धाडला, ते काळीज इचारत न्हाई."

आमच्या लग्नात कडूचा हात धरला तर गार, थरथरायलेला. मनगटात नाडी नुसती धावायली होती. पंगतीत मी तुझ्या कानात म्हणलो, "बन्सी, माझ्यासाठी धावायली रे." तू हसलास. "लय नशीबवान हाव, दाजी!" म्हणून वर बुंदी वाढलीस.

परवा खळ्यावर भुसा उडायला होता. कडूचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. मी पाण्याचा तांब्या घेऊन येड्यासारखा उभा.

"पेटीतली... सुई."

"कसली सुई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. जीव जायला होता, तरी ते बघणं दम्याचं न्हवतं.

"दादानं... सांगितलं न्हाई तुमाला?"

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं येऊन पेटीतली सुई दिली, अ‍ॅड्रेनलिनचीच. श्वास मोकळा झाला. मी मनगट धरून बसलो होतो. हात गार, थरथर, आन् नाडी तश्शीच.

"लग्नातबी?"

"मांडवात यायच्या आदी. होमाचा धूर सोसायचा न्हाई म्हणून. दादानंच दिली."

बन्सीधर, त्या बेडकाला कुणाची ओढ न्हवती रे.

वर्षभर मी त्या नाडीवर जगलो. ती कशावर जगली? तू तिला सांगितलंस, दाजींना दम्याचं सगळं ठाव हाय, तरी हो म्हणले. "मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस भेटला," म्हणून ती रडली. तो माणूस मी न्हवतोच.

आज सकाळी तिनं गाठोडं बांधलं. "मला माहेरी, पोखर्णीला नेऊन सोडा."

"ऱ्हा की."

"कशाला? तुमी मला कुठं पसंत केलं होतं?"

"आता करतो."

"आता? आता कीव करायले तुमी."

मला नुसतं इचारायचं होतंस. मी हो म्हणलो असतो का न्हाई, हे आता मलाबी जन्मात कळायचं न्हाई. तेवढं तू घेऊन गेलास.

गाडी जुंपली हाय. तू पोखर्णीला ये, तिच्यासमोर खरं बोल. परत यायचं का न्हाई ते ती ठरवंल. पण ह्या बारीला कुणाच्या थापंवर न्हाई.

'तुझा' असं लिहवत न्हाई.

माणिकराव