दोन तुकडे, चार टोकं

कातेमाको, शुक्रवार
(दगडाच्या जेवणाचा वार. ते पुढे येईलच.)

तीर्थरूप एलादियोदादा,

तुझ्या निकानोराचा वाकून नमस्कार, म्हणजे माझी कंबर वाकते तेवढा. तळ्याकाठच्या माउलीच्या कृपेने मी बरी आहे, खानावळ बरी चालली आहे, आणि तळ्यातले मासेही बरे आहेत (तुला सर्वांत जास्त तेच आठवतात, मला काय ठाऊक नाही?). तिकडे उत्तरेला, रेनोसात तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा रक्तदाब? त्यांना म्हणावं, मीठ कमी करा आणि दादाचं ऐकणं त्याहून कमी करा. पोपट अजून पाद्रीबाबांना शिव्या देतो का?

आता खाली बस, मग पुढे वाच. तुझी बहीण भौतिकशास्त्रात पास झाली आहे! प्रौढांच्या माध्यमिक वर्गात, चुंबकत्व आणि विद्युतचुंबकत्व या दोन्ही धड्यांसकट. तू फोनवर खो खो हसला होतास, आठवतं? म्हणालास, "या वयात चुंबक शिकून काय करणार, क्रेसेन्सियोला परत ओढून आणणार?" त्या वेळी मी गप्प बसले ती कांदा करपत होता म्हणून, उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. आता उत्तर ऐक. लोखंडी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळायची, तारेची टोकं बॅटरीला लावायची, की खिळ्याचं चुंबक होतं आणि टाचण्या त्याला लोंबकळतात. बॅटरी काढली की सगळ्या टाचण्या खाली, आणि खिळा जसा काही आपण त्या गावचेच नाही असा कोरडा. माझा नवरा तसलाच होता. आपल्या बाबांचा ट्रक त्याच्या हातात होता तोवर घराला चिकटून होता, ट्रक विकला त्याच आठवड्यात गळून पडला. यात माझा काहीही दोष नाही, हे शास्त्र आहे.

या वर्गात मी गेले कशी, तर आपल्या धाकट्या एर्मिलाने नाव घातलं म्हणून. (ती सांगत फिरते की मी घातलं म्हणून तिने घातलं. तिचं ऐकू नकोस.) बाजारामागच्या वाचनालयात, दुपारी चुली विझल्या की वर्ग भरतो. लिसांद्रो मास्तर बांबूसारखे सडसडीत आहेत आणि आम्हा बाजारातल्या बायकांना इतके घाबरतात की फळ्याकडे तोंड करूनच शिकवतात. मी डाव्या कोपऱ्यात, एर्मिला उजव्या. आमचं बोलणं बंद होतं हे तुला वेगळं सांगायला नको, कारण ते बंद पाडण्यात तुझाही हात आहे. आई गेली, तिचा चुंबकदगड कोणाकडे जावा हे सांगून गेली नाही, आणि तिच्या मातीला आलेला तू, परत जाताना एक पाय बसमध्ये ठेवून म्हणालास, "मोठीकडे राहू दे." झालं! बस उत्तरेला गेली आणि भांडण इथे राहिलं. दोन खानावळींमध्ये कमरेएवढी भिंत, तरी ती गिऱ्हाइकांतर्फे बोलायची: "त्या बाईंना सांगा, त्यांचा धूर माझ्या रश्शात येतोय." मीही मग गिऱ्हाइकातर्फे कळवायची की रश्शाला तेवढीच चव आली असेल. आणि मागच्या खेपेला तू आलास, सकाळी माझ्याकडे जेवलास म्हणून तिने घेवड्याचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं, रात्री तिच्याकडे जेवलास म्हणून मी तुला निरोप द्यायला आले नाही. तेव्हापासून दर जत्रेला तुझी जादा पाळी असते. दादा, जगातली कुठलीही फॅक्टरी इतकी चालत नाही.

तर मूळ मुद्दा. शाळेची चुंबकं मेली होती. आधीच्या मास्तरांनी ती खणात कशीही फेकली, आपटली, आणि आता त्यांना एक टाचणी उचलवेना. मास्तर रडकुंडीला आले आणि म्हणाले, घरी कोणाकडे चुंबक असेल तर आणा. आता माझ्याकडे आईचा दगड असताना मी गप्प बसू? मी तो वाडग्यातून, लाल फडक्यात गुंडाळून, चावीवाल्याकडच्या लोखंडाच्या किसासकट नेला. (आई म्हणायची, दगड उसना देऊ नये. दाखवू नये असं म्हणाली नव्हती.) दर शुक्रवारी भरवते तसा सगळ्यांसमोर त्याला कीस भरवला. मांजराचे केस उभे राहावेत तसा तो दोन्ही टोकांना फुलारून आला. मास्तरांनी पहिल्यांदा आमच्याकडे तोंड केलं.

तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून एर्मिला ओरडली, "आईचा दगड शाळेत? उद्या मंडईत वाटा घालून विकशील!" हे इतक्या वर्षांत माझ्याशी तिचं पहिलं वाक्य, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पण मी तसं दाखवते होय? मी म्हटलं, "हात लाव तर खरी." तिने लावला. मी ओढला, तिने ओढला, आणि दगड फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

खाटकाची विधवा छातीवर क्रूस काढून म्हणाली, "गेली बरकत." मी गळा काढला, एर्मिलाने काढला. तुला माहीतच आहे, दगडाचं एक टोक नर, ते गिऱ्हाईक आणतं, दुसरं मादी, ते बरकत धरून ठेवतं, आणि मादीच्या टोकाला आईने लाल दोरा बांधला होता. आता एकीच्या वाट्याला गिऱ्हाईक येणार पण बरकत नाही, दुसरीला बरकत पण ती धरायला गिऱ्हाईकच नाही. रडता रडता आम्ही दोघी एकाच वेळी दोरा बांधलेल्या तुकड्यावर झेपावलो.

आणि तेव्हा, दादा, तो बांबू वाघ झाला. टेबलावर डस्टर आपटून म्हणाला, "बसा दोघी! आजचा धडाच हा आहे!" आम्ही बसलो. (आम्हाला बाबांनंतर कोणी बसवलं नव्हतं.) त्यांनी दोन्ही तुकडे दोऱ्याने टांगले. दोन्ही गरगरले, डुलले, आणि दोन्ही उत्तर-दक्षिण होऊन थांबले. मग होकायंत्र जवळ नेलं. ज्या जागी दगड मोडला होता तिथे दोन्ही तुकड्यांना नवीन टोक आलं होतं! चुंबक कितीही मोडा, मास्तर म्हणाले, प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतात, एकटा ध्रुव कोणाला मिळत नाही. "पुन्हा दाखवा," मी म्हटलं. तेच शब्द, त्याच क्षणी, एर्मिलाच्या तोंडून आले. मग आमच्या पद्धतीने खात्री केली: दोन्ही तुकड्यांना कीस भरवला, आणि दोन्ही तुकडे दोन्ही टोकांनी जेवले. नर-मादी दोघेही माझ्याकडे, दोघेही तिच्याकडे! जे तुला जमलं नाही, पाद्रीबाबांना जमलं नाही, ते भौतिकशास्त्राने एका दुपारी केलं. एर्मिला म्हणाली, "ताई, तुझ्या धुराने डोळे चुरचुरतायत." मी म्हटलं, माझेही.

तोंडी परीक्षेत मास्तरांनी विचारलं, सजातीय ध्रुव एकमेकांना दूर का लोटतात. मी म्हटलं, दोघांनाही एकच टोक हवं असतं म्हणून. त्यांनी पुन्हा फळ्याकडे तोंड केलं आणि गुण दिले. खिळ्यावर तार मात्र मी अशी गच्च गुंडाळली, जशी आपण मक्याच्या तमालेला वाफवण्याआधी पानाची पट्टी बांधतो, आणि वर्गात सर्वांत जास्त टाचण्या माझ्या खिळ्याने उचलल्या. आता बाजारात मला काहीजण बाई न म्हणता मॅडम म्हणतात. मी नको म्हणत नाही.

वहिनींना नमस्कार, पोपटाला माझं नाव शिकव.

तुझी पास झालेली बहीण,
निकानोरा

ता. क. एर्मिलाला माझ्यापेक्षा जास्त गुण आहेत. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा हे बरं. तिच्या टाचण्या कमी होत्या हे विसरू नकोस.

ता. क. दुसरा. प्रत्येक तुकडा पूर्ण असतो ही बातमी बाजारभर झाली आहे. खाटकाची विधवा हातोडी घेऊन आली होती. चुलतभावंडंही चौकशी करतात. तू येताना हातोडी आणू नकोस, तुझा वाटा मागू नकोस, पण ये.

ता. क. तिसरा, आणि खरं तर एवढंच लिहायचं होतं. माउलीच्या जत्रेला ये, दादा. मधली भिंत आम्ही पाडली आणि तिथे एकच टेबल मांडलं, अर्धं तिच्या हद्दीत, अर्धं माझ्या. वर तुळईला दोन्ही तुकडे दोऱ्याने टांगले आहेत, जरा लांब लांब, म्हणजे एकमेकांत लुडबुडणार नाहीत. वाऱ्याने हलतात, पण वारा पडला की दोघेही उत्तरेकडे तोंड करून थांबतात. तू गेल्यापासून आई दारात बसायची ती त्याच दिशेला बघत. गिऱ्हाइकं विचारतात, काय बघतायत? एर्मिला सांगते, दादाची वाट. तुझी खुर्ची मी टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवली आहे. एर्मिला ती रोज सकाळी आपल्या बाजूला सरकवते, मी परत आणते, आणि येऊन कोणीतरी त्या खुर्चीवर बसेपर्यंत हे काही थांबायचं नाही.