पाहुण्याचे डोळे

मी, ओपानिन म्हणजे गावातला वडीलधारा, क्वाद्वो असिअमा, राहणार बोनविरे, धंदा केंटे कापडाच्या पट्ट्या विणणं, असं लिहून ठेवतो की माझी अक्कल जागेवर आहे आणि कुणी डोक्यावर बसून हे माझ्याकडून वदवून घेत नाही. नजर मात्र गेली, म्हणून मी सांगतो आणि चर्चचे दार्को मास्तर लिहितात. उद्या कुमासीच्या इस्पितळात माझ्या उरल्यासुरल्या डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया आहे. सुखरूप परत याल असं सगळे म्हणतात. तरी लिहिलेलं बरं.

१. राहतं घर मुलगी सेरवा हिला. आमच्यात मामाचं ते भाच्याचं, हे मला कुणी शिकवू नये. पण हे घर मी विणून बांधलं, त्यात कुळाची एक वीटही नाही. तिला बाहेर काढायला येणाऱ्याने आधी या कागदाशी भांडावं.

२. माझ्या अंत्यविधीला गोड पेयांच्या बाटल्या वाटू नयेत. ज्याला रडायचं त्याने पाणी पिऊन रडावं. मुळ्या विकणाऱ्या बाफोरला पुढच्या रांगेत खुर्ची देऊ नये. त्याच्या काढ्याने साखर पळते, असं तो छातीठोकपणे सांगायचा. साखर कुठे गेली नाही, नजर गेली.

३. हे कलम मालमत्तेचं नाही, मास्तर नको म्हणतात, तरी राहू द्यावं. साखरेने डोळा जातो तेव्हा दुखत नाही, हाच त्यातला दगा आहे. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, मग तपासायचं काय? एके दिवशी मागावर बसलो तर कापडावर काळे धागे. मी ते बोटांनी झटकत बसलो, पण ते कापडावर नव्हतेच. डोळ्याच्या आतल्या पडद्यातून रक्त उतरलं होतं.

४. माझा माग, धोटे आणि फणी, जी माझ्या मामाकडून मला आली, ती माझ्या बहिणीचा मुलगा आनाने याला. त्याच्याइतका हात गावात दुसऱ्या कुणाचा नाही. पण साखर त्यालाही आहे, आणि डोळ्यांचं नाव काढलं की तो उठून जातो. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या पट्ट्यांत एक धागा चुकतो. गिऱ्हाइकांना ती नवी नक्षी वाटली. आमच्याकडे प्रत्येक नक्षीला नाव लागतं, म्हणून त्यांनी हिलाही दिलं: ‘पाहुण्याचे डोळे’. पाहुण्याचे डोळे मोठे, दिसत काही नाही, अशी आमची म्हण आहे. आनाने फुशारून गेला. मी ती पट्टी बोटांनी चाचपली आणि चूक ओळखली. माझ्या हातूनही सुरुवातीला असाच धागा सुटायचा.

म्हणून अट अशी: डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून, आतला पडदा तपासल्याचा डॉक्टरचा कागद त्याने सेरवाला दाखवावा, तेव्हाच माग त्याचा. नाहीतर माग मोडून चुलीत घालावा.

इथवर लिहून झालं. आंधळ्याचं मृत्युपत्र त्याला वाचून दाखवावं लागतं. ज्याला माग मिळायचा त्यालाच वाचायला कशाला बसवता, असं मास्तर म्हणाले. मी हट्टाने आनानेलाच बसवलं. अट त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची होती.

घर, बाटल्या, बाफोर सगळं त्याने वाचलं, थोडा हसलाही. अटीपाशी आल्यावर मधले शब्द गाळू लागला. मला वाटलं, मुद्दाम करतोय. मी काठी आपटली.

तो म्हणाला, “मामा, कागदावर डाग पडलाय.”

मास्तरांनी कागद पाहिला. डाग नव्हता. पण ते बोलण्याआधीच मी म्हणालो, “आनाने, कागद बाजूला सरकव. डाग कागदाबरोबर जातो, की तुझ्या नजरेबरोबर?”

कागद सरकल्याचा आवाज आला. मग परत सरकल्याचा आला.

“नजरेबरोबर,” तो म्हणाला. “मामा, कधीचाच आहे तो. मागावरून उठवाल म्हणून बोललो नाही.”

मला त्याला दोन शिव्या घालायच्या होत्या. मी रडलो, आणि ते मास्तरांनी लिहिलं तरी माझी हरकत नाही.

५. पुरवणी. चुलीची भाषा मी मागे घेतो. माग आजपासून आनानेचा, कसलीही अट नाही. डोळा कामातून जाण्याआधी गाठला तर लेझरने पुष्कळ वाचतो, असं मला इस्पितळात सांगितलं होतं, फार उशिरा. उद्या सकाळच्या गाडीत माझ्या शेजारची जागा सेरवासाठी धरली होती. ती जागा मी हयातीतच आनानेला देतो. देणाऱ्याने हात धरला आहे, त्यामुळे घेणाऱ्याला ती नाकारता येणार नाही.

अंगठा: ओपानिन क्वाद्वो असिअमा

साक्षीदार: नर्स आफ्राकोमा, ओपानिन अग्येइ, विणकर

स्थळ बोनविरे, दिनांक १४ मार्च २०१९

वाचून दाखवल्याची नोंद: हे मृत्युपत्र कलम चारच्या अटीपर्यंत आनाने यांनी वाचून दाखवले. त्यांना पुढचे दिसले नाही. उरलेले मी दोघांनाही वाचून दाखवले. — दार्को