निरोप एकदाच पाठवावा

३ मार्च
हद्द झाली! पंपघरातले काका चॅटवर प्रत्येक निरोप दोनदा पाठवतात. "टाकी भरली." पुन्हा "टाकी भरली." नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर नुसता गोंधळ. आणि साहेब विचारतात कुणाला? मला! "तुमच्या फंक्शनमध्ये काही गडबड नाही ना?"

चॅटच्या प्रोग्राममध्ये माझी दोनच तर फंक्शनं आहेत. एक आलेली ओळ सोडवतं – कोणी पाठवली, कोणाला, काय म्हणणं आहे. दुसरं जाणारी ओळ बांधतं. दोनशे बारा चाचण्या, एकही चुकलेली नाही!

आईला सांगितलं तर म्हणते, "गाठोडं सोडायचं नि बांधायचं, एवढ्यासाठी शिकलीस होय?" घरात ही तऱ्हा.

५ मार्च
काकांना फोन केला. म्हणाले, "ताई, एकदा पाठवला की पोचत नाही. दुसरा पाठवला की मग पहिला पोचतो." वा रे शास्त्र! बाकी सगळ्यांचं पोचतं, यांच्याच जुन्या डबड्यावरून तेवढं पोचत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. मी चांगलंच सुनावलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

६ मार्च
साहेबांकडून पत्रच काढून घेतलं. निरोप चॅटवरच द्यावा, फोन करू नये. एकदाच पाठवावा. दुसऱ्यांदा पाठवल्यास कारवाई. मजकूर माझा!

९ मार्च
पडदा स्वच्छ. पण काकांचं नवीनच. सकाळी भरलेल्या टाकीचा निरोप दुपारी तीनला! रुसून मुद्दाम करतात, दुसरं काय. या वयात!

१२ मार्च
टाकी साफ करायला माणूस आत उतरलेला असताना कक्षातल्यांनी पंप सुरू केला. अकरा वाजता. पाण्याच्या लोटाने तो भिंतीवर आपटला. पाय दोन ठिकाणी मोडलाय, जीव वाचला. पंप नि निरोप दोन्ही तेव्हापासून बंद. आणि काका म्हणतात, "मी कळवलं होतं." धडधडीत खोटं! नोंदीत अक्षर नाही.

१३ मार्च
चौकशी. पुन्हा सगळे माझ्याकडे बघतात! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी चाचण्यांचे कागद टेबलावर आपटले आणि लेखी दिलं – निरोप आलेलाच नाही. सही केली.

१५ मार्च
काकांना काढलं. पंपघराला कुलूप, आतलं चॅटचं यंत्र तसंच चालू. फाटकाशी भेटले, हातात डब्याची पिशवी. "ताई, तुमच्या पत्राप्रमाणे एकदाच पाठवला हो." वर मलाच ऐकवतात! दिवसभर चिडचिड झाली.

१८ मार्च
पंपघरात आज नवा माणूस आला. त्याने पहिला निरोप पाठवला, "रुजू झालो." तो पडद्यावर आलाच नाही. आला तो काकांचा – बारा तारीख, दहा एक्केचाळीस. "टाकीत माणूस आहे. पंप लावू नका."

ते जुनं यंत्र ओळ संपल्याची खूण पुढच्या निरोपाच्या सुरुवातीला लावतं. तिची वाट बघत माझं फंक्शन सहा दिवस हा निरोप धरून बसलं होतं.