राजासाठी जागा

३ मार्च, सोमवार
अखेर बातमी पक्की. शेजारच्या ड्रेनथॉर्प गावच्या बोलिंग ग्रीनखाली, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या हिरवळीखाली, गटाराचा पाइप बदलताना सापडलेला सांगाडा राजा ओर्डविनचाच. युनिव्हर्सिटीने एका अंगठीवरून आणि दातांवरून सांगितलं. अकराशे वर्षं राजा गटाराशेजारी पडून, आणि ड्रेनथॉर्पवाल्यांना पत्ता नाही! वर म्हणतात, आमच्याकडे सापडला, आम्हीच पुरणार. बसमध्ये छत्री सापडली म्हणून ती ड्रायव्हरची होते का? चौतीस वर्षं बस डेपोत काढलीत मी. सापडलेल्या वस्तूंचे नियम मला कोणी शिकवू नयेत. ओर्डविन आमच्या हॅनलबीचा. हॅनलबीतच पुरला जाणार.
संकल्प: १. राजा आणणे. २. चिडायचं नाही. ३. चहाबरोबर एकच बिस्किट.

५ मार्च
'राजा परत आणा समिती' स्थापन. अध्यक्ष मी, बिनविरोध. उपस्थिती सात. त्यातल्या चौघी शेजारच्या खोलीतल्या विणकामवर्गाच्या, पण त्यांचा हीटर बंद होता. सभेची मिनिट्स लिहायला बेरिल ओट्स. शेजारीण म्हणून चांगली आहे, फक्त बोलते फार. मी सांगितलं, ओर्डविनचं लग्न आपल्या चर्चमध्ये लागलं. म्हणाली, अहो क्लिफर्ड, तो मेल्यावर तीनशे वर्षांनी बांधलंय ते चर्च. मी म्हटलं, जागा तर तीच ना? म्हणाली, तेव्हा तिथे डुकरं असतील. हे मिनिट्समध्ये घेऊ नये अशी सूचना केली. घेतलंच तिने.
विणकामातल्या एकीने विचारलं, ह्या राजाने केलं तरी काय? अकरा महिने राज्य. पहिले नऊ तापाने अंथरुणात, दहाव्यात लढाईची तयारी, अकराव्यात लढाई हरला. मी म्हटलं, बाई, थोर माणसांना वेळच मिळत नाही.
बिस्किटं तीन. अध्यक्ष खात नाही म्हटल्यावर बाकीचे संकोचतात.

९ मार्च, रविवार
मेव्हिसला सगळं सांगितलं. नेहमीसारखी घडीची खुर्ची तिच्या डावीकडे, म्हणजे माझ्या राखीव जागेवर टाकून. सहा वर्षं झाली तिला जाऊन. पलंगावर मी डावीकडे असायचो, इथेही तसंच ठरलंय. घाई काही नाही. पण जागा बघून बरं वाटतं.
आमचं चर्चयार्ड, म्हणजे चर्चभोवतीची दफनभूमी, आता भरलंय. पुढच्या लोकांना ड्रेनथॉर्पच्या नव्या दफनभूमीत जावं लागणार, बिचारे. तिथे नावाआधी नंबर देतात म्हणे. पलीकडे पेट्रोल पंप.

२२ मार्च
वर्तमानपत्रात माझं पत्र छापून आलं! शेवटचं वाक्य: "ज्या गावाला मेलेली माणसं नीट सांभाळता येत नाहीत, त्याने राजाची हाव धरू नये." पाच प्रती घेतल्या. जिलियनला लीड्सला फोन करून वाचून दाखवलं. म्हणाली, डॅड, तू जेवतोस का वेळेवर? पोरीला इतिहासात गती नाही. आईवर गेलीय.

६ एप्रिल
आमच्या चर्चच्या व्हिकर हिलरी मॉस घरी आल्या. दोन पानी कागद हातात दिला. म्हणाल्या, मिस्टर टूथिल, सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे वाचून सही करा, जागेची मुदत जूनमध्ये संपतेय. मी त्यांना ओर्डविनची वंशावळ समजावून दिली. आजोबांपर्यंत पोचलो तेव्हा त्यांना एकदम दुसरी कामं आठवली.
कागद फाइलमध्ये. मागची बाजू कोरी होती, मिरवणुकीचा क्रम तिथेच लिहून टाकला: आधी घोडा, मग राजा, मग मी. खाडाखोड करून: आधी मी.

२७ एप्रिल, रविवार
समितीची ऐतिहासिक सभा. अडचण अशी की चर्चच्या आत खणता येणार नाही. फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत. ते पाइप टाकावेत म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच सह्या गोळा केल्या होत्या. दूरदृष्टी असली की असं होतं.
तेव्हा राजा बाहेर, चर्चयार्डात. व्हिकर हळूच म्हणाल्या, तिथे एकच जागा आहे, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. कंपोस्टच्या ढिगाजवळचा कोपरा, दुसरं काय! माळी कुरकुर करणार, हे ओळखून मी उभा राहिलो. म्हटलं, जागा कोणाची हा प्रश्नच नाही. राजापुढे कोणाचाही खासगी हक्क आड येता कामा नये! ठराव मीच मांडला. व्हिकर म्हणाल्या, मिस्टर टूथिल, आपण दोघं एकदा बाहेर जाऊन बघू या का? म्हटलं, बघायचं काय त्यात.
बेरिलने हात वर केला नाही. दोनदा विचारलं. म्हणाली, क्लिफर्ड, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? तिचा आवाज भरून आला होता. भाषण चांगलं झालं की बायका भारावतात.

१२ मे, सोमवार
व्हिकरनी नोटीस दिली. राजाला कुठे पुरणार ते अठ्ठावीस दिवस जाहीर लावायचं, कोणाची हरकत असेल तर त्याने तेवढ्या मुदतीत लेखी कळवायचं. चर्चच्या फाटकावरच्या काचेच्या फलकाची किल्ली गेली सत्तावीस वर्षं माझ्याकडे, कोणाला हात लावू देत नाही. नोटीस स्वतः लावली, चार कोपऱ्यांना चार पिना, एकदम सरळ. वाचली नाही. विषय मला तोंडपाठ.

१३ मे
समितीचं पोस्टर छापून आलं. मोठं झालं थोडं. फलकात बसवलं तेव्हा नोटीस पूर्ण झाकली गेली. मनात आलं, बरंच झालं. नोटीस वाचून हरकत घेणारे ड्रेनथॉर्पचेच असणार.

१ जून, रविवार
मेव्हिसला पोस्टरबद्दल सांगितलं. घरी आल्यावर जिलियनचा फोन. आईशेजारच्या जागेच्या कागदावर सही केलीस ना? म्हटलं, सगळं फाइलमध्ये आहे. खोटं नाही बोललो.
बिस्किटांचा संकल्प जुलैपर्यंत तहकूब.

९ जून
अठ्ठावीस दिवस पूर्ण. नोटिशीच्या मागे छापलेलं असतं: ही नोटीस सर्वांना दिसेल अशी लावली होती. पोस्टर काढलं, नोटीस उलटी केली, सही ठोकली, किल्लीदार म्हणून हुद्दा लिहिला. हरकती: शून्य. गाव माझ्या पाठीशी आहे.

२३ जून
जिंकलो! बिशपच्या कचेरीतून पत्र: राजा ओर्डविन हॅनलबीत. ड्रेनथॉर्पने बोलिंग ग्रीनवर काळा झेंडा लावला म्हणे. बेरिल केक घेऊन आली, केक टेबलावर ठेवला आणि माझा हात धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, मला वाटलं तुम्ही मोठ्या मनाने देताय. मी म्हटलं, मनाचं काय, मेहनत लागते. केक अर्धा संपवला.

२९ जून, रविवार
खुर्ची घेऊन गेलो. मेव्हिसच्या डावीकडे चार खुंट्या आणि पांढरी दोरी. मला वाटलं कोणीतरी चुकलं. कंपोस्टकडे जाऊन आलो. तिथे कंपोस्टच होतं.

३० जून
व्हिकरकडे. ओरडायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी एकेक कागद समोर ठेवला. राखीव जागेच्या कागदाची त्यांच्याकडची प्रत, माझ्या सहीविना मुदत संपलेली. ठराव, मांडणारा मी. नोटीस: "दक्षिणेकडील भिंतीलगत, मेव्हिस टूथिल यांच्या कबरीच्या डावीकडे". मागे माझी सही, हुद्द्यासकट. आता नोटीस पोस्टरखाली होती, कळलं नाही म्हणावं तर खोटं सर्टिफिकेट दिलं असं होतं.
व्हिकर म्हणाल्या, चारदा आले हो मी सांगायला. चारही वेळा तुम्ही मला त्याचे आजोबा सांगितलेत. सभेत तुम्ही उठून बोललात तेव्हा वाटलं, सगळं समजून बोलताय. त्या रात्री मी तुमच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली.
घरी येऊन फाइल उघडली. जागेच्या कागदामागे: आधी मी, मग घोडा, मग राजा.

८ जुलै
बस धरून ड्रेनथॉर्पला. दफनभूमीच्या खिडकीवर एक तरुण बाई. नाव विचारलं. टूथिल म्हटल्यावर तिने मागे वळून भिंतीकडे बघितलं. माझं पत्र लावलेलं होतं, शेवटच्या वाक्याखाली पिवळी रेघ. म्हणाली, अय्या, ते टूथिल तुम्हीच? आत बोलावलं, चहा दिला, बिस्किटांचा डबा पुढे केला. नको म्हटलं. म्हणाली, काळजी करू नका हं आजोबा, आम्ही नीट सांभाळतो.
दोनशे बारा नंबर. बोलिंग ग्रीनची कडेची पट्टी आता दफनभूमीत घेतलीय. राजा सापडला ती हीच जागा. म्हणाली, पाइप नवीन टाकलाय, वास अजिबात येत नाही.
जिलियनला फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, डॅड, आईला अंधारात अनोळखी माणूस शेजारी चालायचा नाही रे.

१७ जुलै
राजाचा दफनविधी. घोडा, बँड, बिशप. मला सगळ्यांच्या पुढे चालायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सरळ चालत राहिलो.

२० जुलै, रविवार
खुर्ची घेऊन मेव्हिसकडे गेलो. फाटकापासून रांग. बाहेरगावच्या तीन बस आल्या होत्या. आत घुसता आलं असतं, पण रांग ती रांग. चाळीस मिनिटं उभा राहिलो. पुढच्या गृहस्थाने मागे वळून विचारलं, तुम्हीपण राजाला बघायला?
म्हटलं, नाही. त्याच्या शेजारणीला.
तो म्हणाला, मग जरा लवकर आटपा हं, मागे लोक आहेत.